पूजेचा जोड

माझा धंदा जमिनीखालचा आहे, म्हणजे अर्थिंगचा. सोलरचे प्रकल्प, मोबाईलचे टॉवर, पेट्रोलपंप, साखर कारखाने, जिथं वीज आहे तिथं ती कधी ना कधी वाट चुकते. चुकलेल्या विजेनं माणसाच्या अंगातून न जाता मुकाट जमिनीत जावं, यासाठी आम्ही तिला रस्ता करून देतो. खड्डे घेतो, तांब्याचा मुलामा दिलेले रॉड ठोकतो, रॉडला तांब्याची केबल जोडतो आणि वर माती लोटतो. काम चांगलं झालं तर दिसत नाही आणि वाईट झालं तरी दिसत नाही. त्यामुळे या धंद्यात खोटं बोलायला फारशी अक्कल लागत नाही. हे मी दुसऱ्या कुणावरून नाही, स्वतःवरून सांगतो आहे.

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही धड सांगितलेली नाही. निम्मी सांगितली, आणि त्या निम्म्यातही स्वतःला बरा दाखवला.

आधी जोड म्हणजे काय ते सांगायला हवं. रॉड आणि केबल नटबोल्टनं आवळली तर चार-पाच पावसाळ्यांत गंज धरतो आणि पकड सुटते. म्हणून पावडरचा जोड मारतात. ग्रॅफाइटचा काळा साचा असतो, दोन फाकांचा. त्याच्या पोटात रॉड आणि केबल एकमेकांना भिडवून ठेवायची, साचा आवळायचा, आत पत्र्याची चकती टाकायची, तिच्यावर पावडर ओतायची, वर चिमूटभर पेट घेणारी पावडर भुरभुरायची, झाकण लावायचं आणि चकमक मारायची. भस्सकन ज्वाळ उठते, धुराचा लोट निघतो आणि काही सेकंदांत पावडरीचं वितळलेलं तांबं होऊन खाली उतरतं. वीज नको, वेल्डिंगचं मशीन नको. साचा उघडला की रॉड वेगळा आणि केबल वेगळी असं काही राहिलेलं नसतं, सगळा एक धातू झालेला असतो. असा जोड केबल कुजली तरी कुजत नाही.

पण तो नीट मारलेला हवा. धातू घासून लखलखीत हवा आणि साचा कोरडा हवा. कोरडा म्हणजे हाताला लागतो तेवढा कोरडा नव्हे. ग्रॅफाइट ओल पिऊन बसतं आणि वरून काही कळू देत नाही. म्हणून पहिल्या जोडाआधी टॉर्चच्या जाळावर साचा चांगला तापवून घ्यायचा. ओल राहिली की तिची वाफ होते, वितळलेल्या तांब्यातून ती बुडबुडे काढत वर येते आणि जोडाला भोकं पडतात. आमच्याकडे अनारशाला जाळी पडली की करणारीचं कौतुक होतं. जोडाला जाळी पडली की तो कापून फेकायचा असतो.

हे सगळं मला चाचांनी शिकवलं. चाचा शेवगावचे, घराणं कल्हईवाल्यांचं. त्यांचे वडील भाता घेऊन गावोगाव फिरायचे आणि पितळेच्या पातेल्यांना कल्हई करायचे. घरोघर स्टीलची भांडी आली, भाता थंड पडला, तसे चाचा आधी एका कारखान्यात आणि मग माझ्याकडे आले. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. मी मालक आणि ते कामगार, तरी मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला भाऊ. केबलचं टोक हातात घेतलं की ते ब्रशनं दहा-दहा मिनिटं घासत बसायचे.

मी तापट माणूस. माझा आवाज चढायचा. "चाचा, केबल घासताय का नवरदेवाला हळद लावताय?"

"भाऊ, घाण भांड्याला कल्हई धरत न्हाई," ते म्हणायचे. "कितीबी नवसागर टाका." आणि घासत राहायचे.

त्यांची आणखी एक पद्धत होती. जोड गार झाला की वरची मळी झाडायची, रंग बघायचा, सगळीकडून डोळा फिरवायचा, मग हातोडीचे दोन सणसणीत ठोके घालायचे. एवढ्यातून जोड पास झाला तर टोकदार लोखंडी पंच घेऊन जोडाच्या खाली रॉडवर दोन ठिपके उमटवायचे. एक नजरेचा, एक हातोडीचा. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं. पण हळूहळू तपासणीला येणारे इंजिनियर दोन ठिपके दिसले की पुढच्या खड्ड्याकडे जायला लागले. मला त्याचा केवढा फायदा झाला हे मीच जाणतो. चाचांच्या ठिपक्यांवर माझं नाव मोठं झालं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही एका दूधधंद्याच्या गावात काम घेतलं. गाव नगरपासून फार लांब नाही. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडून नगरच येतं.) शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गायरानावर सोलरचा प्रकल्प व्हायचा होता आणि त्याचं सगळं अर्थिंग माझ्याकडे होतं. जवळजवळ चारशे जोड. पहिला रॉड गेटजवळ ठोकला होता, कारण पाहुण्यांना उभं राहायला तिथं जागा होती आणि पूजाही तिथंच करायची होती. गेट आणि कुंपणाची तार यांची केबल त्याच रॉडला यायची होती.

आमच्याकडे ट्रॅक्टर घ्या, बोअर घ्या, पिठाची गिरणी टाका, नारळ फुटल्याशिवाय काही हलत नाही. मलाही त्यात गैर काही वाटत नाही, मी स्वतः नवीन गाडीखाली लिंबू ठेवलेला माणूस आहे. मांडव पडला, सतरंजी आली, लाऊडस्पीकर लागला. मुहूर्त सकाळी अकराच्या आसपासचा. चाचांनी दहा वाजल्यापासून साचा तापवून तयार ठेवला होता आणि वर धूळ बसू नये म्हणून कोरडं फडकं झाकलं होतं.

मुहूर्त गाठायला सगळ्यांची पळापळ झाली. गुरुजींनी फडकं बाजूला करून साच्याला हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. मग सरपंचांचे वडील पुढं आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणत आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. आबांनी नारळ रॉडच्या शेजारच्या दगडावर आपटला आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी मोठ्या भक्तिभावानं साच्यावर ओतलं. साचा चर्र करून वाजला. लोकांना ते फार आवडलं. दोघांनी तर हात जोडले.

चाचा माझ्या कानाशी आले. "भाऊ, साचा पानी प्यालाय. अर्धा घंटा तापवू द्या."

मला कळत नव्हतं असं नाही. त्या मांडवात हे कळणारी माणसं दोनच होती आणि त्यांतला एक मी होतो. पण पाहुणे घड्याळ बघत होते, फोटोवाला एका गुडघ्यावर बसला होता आणि आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मारा."

चाचा हलले नाहीत. "भाऊ, जोड बिघडंल."

आणि मग माझं डोकं सटकलं. "मारा म्हणलं ना! इथं मालक कोण आहे?" माइक जवळच होता. मांडवभर ऐकू गेलं. मागं काही लोक हसले.

चाचांनी खाली बघितलं. दोन्ही हात पसरून लोकांना चांगलं पंधरा फूट मागं सारलं, पावडर ओतली आणि चकमक मारली. ज्वाळ नेहमीपेक्षा उंच उठली, झाकण टणकन उडालं, वितळल्या तांब्याचे थेंब गवतावर पडून धूर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे असंच असतं. चाचांनी लोकांना मागं सारलं नसतं तर कुणाचे डोळे गेले असते याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

पाहुणे चहाकडे वळल्यावर साचा उघडला. जोडाला इतकी भोकं होती की काडी आत जाईल. चाचा हळू आवाजात म्हणाले, "कापून परत मारतो. ईस मिनिटांचं काम हाय."

आबांचे कान तिखट. "कापायचं? पूजा झालेलं कापत्यात व्हय? पयल्याच दिवशी कशाला आपशकुन करता!"

"नाही नाही आबा," मी लगेच म्हणालो. "कापतंय कोण?"

चाचांना मी डोळ्यानं खुणावलं, नंतर बघू. त्यांनी मान हलवली. त्या जोडाच्या रॉडवर त्यांनी ठिपके उमटवले नाहीत.

दुपारी तीनला चाचांना शेवगावला निघायचं होतं, धाकट्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. हत्यारांची पिशवी माझ्या गाडीत ठेवून ते निघाले, पण गेटपासून परत आले. "भाऊ, तेवढा पयला जोड..."

"जा हो तुम्ही. मी मारतो," मी म्हणालो. त्या वेळी ते मी मनापासून म्हणालो होतो.

संध्याकाळी आबा आणि त्यांचे चार सोबती मांडवातल्या खुर्च्या गेटजवळ ओढून गप्पा मारत बसले होते. जेसीबीवाल्याला दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं, त्याला खड्डा आत्ताच बुजवायचा होता. खड्डा बुजवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो पाठवायचा असा नियम होता, आणि फोटोत दोन ठिपके दिसले नाहीत तर इंजिनियर विचारणार. मी करवत घेऊन गेटपर्यंत गेलो. आबा म्हणाले, "काय राह्यलं का काय?"

आता खरं सांगतो. मी आबांना भ्यालो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. आबा रागावले असते आणि चहा पाजून गप्प झाले असते. मला भीती होती ती दुसरीच. आबांना सांगायचं म्हणजे, सकाळी माझा म्हातारा कामगार बरोबर होता आणि मी चुकीचा होतो, हे त्याच लोकांपुढं म्हणायचं. सकाळी ज्यांच्यासमोर मालक कोण म्हणून गरजलो, त्यांच्यासमोर. तेवढं माझ्या जिभेला जड गेलं.

"काही नाही आबा," मी म्हणालो. गाडीतून चाचांची पिशवी काढली, पंच घेतला, खड्ड्यात उतरलो आणि रॉडवर दोन ठिपके मारले. हजार वेळा बघितलेलं होतं, किती अंतर ठेवायचं, किती जोर लावायचा. अगदी त्यांच्यासारखे उमटले. जिकडून भोकं कमी दिसत होती तिकडून फोटो काढला, पाठवला आणि जेसीबीवाल्याला हात केला.

दुसऱ्या दिवशी घाईगर्दीत चाचांनी विचारलं, "झालं का ते?" मी म्हणालो, "झालं." एवढंच. मुलीचं जमलं का, हेही मी विचारलं नाही.

दोन वर्षं गेली. पावसाळ्यात तिथल्या राखणदारानं तक्रार केली की ओल्या हातानं गेट लोटलं की झिणझिण्या येतात. कुंपणावरून विजेची मोठी लाइन गेली होती, पण गेट जमिनीला जोडलेलं असताना झिणझिण्या यायचं कारण नव्हतं. इंजिनियरनं टेस्टर लावला, रीडिंग कुठल्या कुठं गेलेलं. मला बोलावलं, मी चाचांना घेऊन गेलो. खरं तर न्यायला नको होतं, पण नेलं नसतं तर का नेलं नाही हे सांगावं लागलं असतं. खोटं बोलणाऱ्याला फार गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

खड्डा उकरला. माती निघाली तसा जोड उघडा पडला. काळाहिरवा झालेला, भोकाभोकांतून माती शिरलेली. मी पायानं जरा दाबला आणि केबल सुटून हातभर बाजूला पडली.

"हा कुणी मारलाय?" इंजिनियरनं विचारलं. पुण्याकडचा होता, सभ्य माणूस, पण आवाज कडक झाला होता. "राखणदार रोज हात लावतो या गेटला. कळतंय का तुम्हाला?"

चाचा म्हणाले, "हा तर पूजेचा जोड. ह्यो भाऊंनी परत मारला हुता."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. एक शब्द पुरेसा होता. मी तो बोललो नाही, दुसराच बोललो. "मी कुठं, चाचा? शेवगावला जायच्या आधी तुम्हीच नाही का मारला? ठिपके कुणाचे आहेत बघा ना."

चाचा खड्ड्यात उतरले. गुडघे टेकले. अंगठ्यानं रॉडवरची माती पुसली आणि त्या दोन ठिपक्यांकडे बघत राहिले. बोट फिरवून बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मी वर उभा होतो. त्यांनी आरडाओरडा करावा, मला खोटारडा म्हणावं, असं मला त्या क्षणी फार वाटत होतं. भांडण झालं असतं तर मी भांडलो असतो, भांडायला मी कधीच कमी पडलेलो नाही.

"ठिपके तर माझेच हायेत," ते म्हणाले. मग हाताची माती झटकत, "आसंल. माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं."

इंजिनियरनं आणखी दहा खड्डे उघडायला लावले. दहाच्या दहा जोड पहारीनं हाणले तरी हलेनात. ते बघून तरी चाचांना शंका यायला हवी होती. पण त्यांना उलटच वाटलं. जो जोड मारल्याचं आठवतच नाही तो असा निघाला, म्हणजे त्या दिवशी आपलं डोकं ठिकाणावर नव्हतं. पूजेचा जोड मी त्याच दुपारी कापून परत मारला. वीस मिनिटं लागली. दोन वर्षांपूर्वीही तेवढीच लागली असती.

येताना गाडीत चाचा एकदाच बोलले. "भाऊ, मी आता नगं. मारलेला जोड ध्यानात राहत नसंल तर कुणाचा तरी जीव जाईल माझ्या हातनं."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "वय झालं चाचा, आराम करा." आणि पुढच्या आठवड्यात ऑफिसात छोटा कार्यक्रम करून त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. वर भाषण ठोकलं. चाचांसारखी प्रामाणिक माणसं आता मिळत नाहीत, असं मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चाचांनी डोळे पुसले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या सुद्धा मी सत्कार म्हणून मारल्या.

त्यानंतर चार वर्षं मी शेवगावला गेलो नाही. त्या रस्त्यानं काम निघालं तरी वाटेतल्या पांढरीपुलाच्या फाट्यावर चहा घेऊन माणसं पुढं पाठवायचो आणि मी परत फिरायचो. ईदला फोन करायचो. चाची उचलायच्या, बरं आहे म्हणायच्या, मी सुटल्यासारखा फोन ठेवायचो.

यंदा गेलो. पश्चात्ताप झाला म्हणून गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण एक मोठं सबस्टेशन मिळायची वेळ आली होती आणि तिथल्या लोकांची अट होती, आधी त्यांच्यासमोर पाच जोड मारून दाखवा, ते कापून आतून बघू, मग काम. माझ्या माणसांनी मारलेल्या पाचांतले दोन आतून फुसके निघाले. आणखी एक संधी मिळाली होती. मला चाचांचे हात हवे होते.

घर तेच, अंगणात कल्हईचा जुना भाता उलटा टाकलेला. चाचांनी मला बघून मिठी मारली. बारीक झाले होते. चाचींनी पाणी दिलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. मी कामाचं सांगितलं. चाचा ऐकताना हात असे धरून बसले होते, जणू त्यांत साचाच आहे. पण शेवटी मान हलवली.

"न्हाई भाऊ. माझं डोकं आता भरवशाचं न्हाई."

"काय होतंय तुम्हाला?"

ते हसले. खिशातून एक कागद काढून दाखवला. त्यावर मुलाच्या अक्षरात चाचांचं नाव, मोहल्ला, फोन नंबर. "हरवलो तर आसावा म्हनून."

"हरवलात कधी?"

"अजून न्हाई. पन काय सांगावं? तो जोड तरी कुटं कळला हुता?"

मग चाची सांगायला लागल्या. गॅस बंद केला का बघायला चाचा रात्रीतून तीनदा उठतात. कुलूप लावलं की कोपऱ्यापासून परत येऊन ओढून बघतात. नातवाला शाळेतून आणायचं काम त्यांनी आपणहून सोडलं, रस्त्यात पोराला विसरलो तर काय करायचं म्हणून. नमाजाला गेले तर किती रकात, म्हणजे आवर्तनं, झाल्या याची शंका येते, म्हणून कुणाच्या तरी शेजारी उभे राहतात. नगरच्या डॉक्टरनं मशीनमध्ये घालून डोकं तपासलं, काही निघालं नाही. "डाक्टर म्हनला, काय झालेलं न्हाई. ह्ये म्हनत्यात, डाक्टरला काय कळतंय, मी माज्या डोळ्यांनी बघितलंय." चाचींचा आवाज सपाट होता. "चार वर्सं झाली, आमी ह्यांना एकट्याला भायेर सोडलं न्हाई."

मी एका माणसाचं काम घेतलं, नाव घेतलं, एवढंच मला आजवर वाटत होतं, आणि तेवढ्याचीही मी सवय करून घेतली होती. पण मी त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उपटून नेला होता. चांगल्या डोक्याचा माणूस चार वर्षं स्वतःच्या डोक्याला घाबरून राहिला होता. मला तिथं बसवेना. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी सांगितलं. मांडणी वगैरे काही जमली नाही. "चाचा, ते ठिपके मी मारले होते. तुमच्या पंचनं. जोड मी परत मारलाच नव्हता. तुम्ही काही विसरला नव्हता." मग खड्ड्यावर उभं राहून काय बोललो तेही सांगितलं, कारण तेच सगळ्यात वाईट होतं.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांच्या तोंडावर काय चाललंय ते मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मी नजर खाली घातली. त्यांना आनंद झाला होता.

"म्हंजी मी मारला न्हवता?" त्यांनी पुन्हा विचारलं. "माझ्या ध्यानात हुतं ते बराबर हुतं?"

"हो चाचा."

"आगं, ऐकलं का? मी न्हवतो विसरलो!" ते उठून उभेच राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "मला ठावं हुतं. पयल्यांदा बगितलं तवाच मनात आलं हुतं, ह्यो माझा न्हाई म्हनून." माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, जसा काही मी त्यांना कुठली तरी चांगली बातमी आणून दिली होती. "बसा भाऊ. आगं, बिनदुधाचा चा देऊ नगंस भाऊंना, मी दूध घिऊन येतो."

"मी येतो बरोबर," मी म्हणालो.

"कशाला? मी जातो की एकटा." चपला घालून ते निघाले. जाताना एकदाही मागं वळून बघितलं सुद्धा नाही. खिशातला तो कागद माझ्यासमोर सतरंजीवर राहिला होता.

मी आणि चाची दोघंच राहिलो. त्या पदर सावरत माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "चाची, मला माफ करा. मला हे आधीच सांगायला पाहिजे होतं."

"आता सांगितलंच की," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आन् ह्ये काम आलं नसतं, तर?"

चाचा दूध घेऊन येईपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून होतो. मला उत्तर येत होतं आणि त्यांनाही ते माहीत होतं.